दादाच्या गाडीवरची धूळ

दिवसा मी गाड्यांचा गंज काढतो आणि संध्याकाळी गाड्यांना गंज लावतो. बायको हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते, आणि कोणी हसलं की वर म्हणते, "हसू नका. दोन्ही कामांत शर्ट सारखाच खराब होतो."

दिवसाचं काम पोटापाण्याचं. माझं छोटं गॅरेज आहे. ठोकर बसलेले दरवाजे सरळ करायचे, पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा. संध्याकाळचं काम छंदाचं. तळहातावर मावतील अशा ओतीव धातूच्या मॉडेल गाड्या दुकानातून येतात तेव्हा काचेसारख्या चकचकीत असतात. त्यांना मी म्हातारं करतो. मग लोक त्या आपापल्या देखाव्यांत मांडतात: एखादा पडका पेट्रोल पंप, गवतात विसरलेला ट्रक, शाळेमागची बस.

हे काम बाहेरून वाटतं तसं नुसतं मळवण्याचं नाही. आधी तपकिरी रंग द्यायचा. तो वाळला की पाणी शिंपडून वर मीठ भुरभुरायचं आणि त्यावर गाडीचा खरा रंग फवारायचा. वाळल्यावर मीठ घासून काढलं की पोपडे उडाल्यासारखं दिसतं. फटींमध्ये पातळ काळपट तेलरंग, कडांना पेन्सिलीचं शिसं, आणि शेवटी खडूची पूड, म्हणजे धूळ. पण कुठे काय लावायचं हे कळायला खऱ्या गाड्या हाताखालून जाव्या लागतात. पाणी थांबतं तिथे गंज येतो. हात लागतो तिथे झीज होते. गंज कुणाचाही असू शकतो, झीज मात्र त्या त्या माणसाची असते. ड्रायव्हर न बघताही गाडीवरून मी सांगू शकतो की तो दार आपटतो की अलगद लावतो.

म्हणून वहिनींनी मला दादाची गाडी करायला सांगितली तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. औषधांची खोकी पोचवायची पांढरी व्हॅन चालवायचा. वहिनी रुग्णालयात औषधांच्या खिडकीवर बसतात, तिथेच त्यांचं जमलं. एका दुपारी शेवटचं खोकं उतरवून, सही घेऊन, दादा निघाला आणि घरी आलाच नाही. गाडीही नाही, माणूसही नाही. पोलीस झाले, नदीनाले धुंडाळून झाले, दवाखाने, धाबे, सगळं झालं. जमिनीनं गिळलं म्हणावं तर जमिनीला तरी भेग पडायला हवी ना? तीही नव्हती.

आमचं घर गल्लीच्या शेवटी. वर आम्ही, खाली दादा-वहिनी. दादा गेल्यावर खाली एकट्या वहिनी. कित्येक वर्षं त्या दार पुढे लोटून ठेवायच्या, कडी लावायच्या नाहीत. मग कायद्याला लागतो तेवढा काळ सरला, दादाला मृत धरल्याचा कोर्टाचा कागद आला, आणि त्यानंतर बऱ्याच काळानं चष्म्याच्या दुकानाचे मालक वहिनींना भेटायला येऊ लागले. भले गृहस्थ. बोलताना समोरच्याच्या नाकाकडे बघायची सवय, तेवढीच काय ती खोड. आम्ही त्यांना चष्मेवाले म्हणतो. दोघांनी नोंदणी कार्यालयात लग्न करायचं ठरवलं तेव्हा माझ्या बायकोनं वहिनींना मिठी मारली आणि दोघी रडल्या.

त्याच आठवड्यात वहिनी वर आल्या.

"भाऊजी, यांची गाडी करून द्याल? तुमच्या त्या छोट्या गाड्यांसारखी. फोटो मला बघवत नाही. गाडी बघू शकेन."

"वहिनी, कशाला जुनं उकरायचं?"

"उकरत नाहीये. पुरतेय. पुरायला काहीतरी हातात असावं लागतं."

त्याच बनावटीची मॉडेल व्हॅन मिळवली आणि कामाला लागलो.

दादाची गाडी मला पाठ होती. मागच्या बंपरला उजवीकडे पोचा. सरकत्या दाराखाली गंजाची रेघ. आणि ड्रायव्हरच्या खिडकीच्या कडेवर, जिथे दादा कायम कोपर टेकवायचा, तिथे पांढरा रंग झिजून खालचा राखाडी प्रायमर दिसायचा. मी ती झीज बारीक पॉलिश पेपरनं, श्वास धरून घासली. तिळाएवढी जागा. पूर्ण झाल्यावर गाडी वहिनींपुढे ठेवली. त्यांनी हात लावला नाही. खाली वाकून त्या खिडकीकडे बघत राहिल्या.

"बरोबर आहे," म्हणाल्या. "लग्न होईपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या."

मी ती माझ्या टेबलावर, काचेच्या पेटीत ठेवली. टेबल वरच्या खोलीत, खिडकीशी. धूळ नको म्हणून पेटी. धूळ लावलेल्या गाडीला धूळ लागू नये म्हणून पेटी, यावरही बायकोचा एक विनोद आहेच.

पहिल्यांदा लक्षात आली ती चाकांवरची लाली. मडगार्डच्या आत, चाकाच्या मागच्या बाजूला, तांबड्या मातीचे शिंतोडे. आमच्याकडे माती करडी. मी करडीच पूड वापरली होती. वाटलं, ब्रशला आधीच्या कामाचा रंग राहिला असेल. ब्रश तपासला. स्वच्छ होता. ओल्या कापसानं लाली पुसली आणि विषय सोडला.

दोनेक दिवसांनी ती परत आली. या वेळी दारांच्या खालच्या अर्ध्या भागापर्यंत.

"तू पेटी उघडलीस का?" मी बायकोला विचारलं.

"मी? तुमच्या टेबलाला हात लावून शिव्या कोण खाईल?"

मी भिंगाखाली गाडी धरली. पूड नुसती बसली नव्हती, उडाली होती. धावत्या गाडीच्या अंगावर माती कशी बसते ते मला माहीत आहे. चाकाकडून मागे पंख्यासारखी पसरते, दाराच्या मुठीमागे वाऱ्याची सावली पडते, मागच्या काचेवर भोवरा होतो. हे सगळं तिथे होतं. इतक्या लहान गाडीवर हे मला हातानं कधी साधलेलं नाही.

मग टायर. मॉडेलच्या रबरी टायरांवर नक्षी असते. पुढच्या दोन्ही टायरांची नक्षी बाहेरच्या बाजूनं गुळगुळीत झाली होती. दमट हवा, रंगातलं रसायन, खराब ओतकाम, अशी कारणं मी एकेक करून मनाशी मांडली आणि एकेक करून मोडीत काढली. दमट हवेनं टायर झिजत नाहीत. टायर चालून झिजतात.

आणि ती खिडकीची कड. तिळाएवढी राखाडी जागा आता ज्वारीच्या दाण्याएवढी झाली होती, आणि तिच्या मध्यभागी प्रायमरही जाऊन उघडा धातू चमकत होता.

त्या दिवसापासून मला बसवेना. गॅरेजमध्ये एखाद्या दाराला पुट्टी लावता लावता हात थांबायचा आणि मी काहीतरी निमित्त काढून घरी यायचो. जिना चढताना वाटायचं की आज काही नसेल. असायचंच. तांबड्या मातीवर एक पांढुरकी खरखरीत साय चढली, तशी समुद्राकाठच्या रस्त्यांवरून आलेल्या गाड्यांवर असते. चिमटीत घेऊन जिभेला लावली. खारट. मग त्यावर कोळशाची काळी भुकटी. मी पुसणं सोडलं होतं. पुसलं तर मधला मुक्काम कळणार नाही, असं काहीतरी मनात यायला लागलं होतं, आणि ते मनात आलं याचीच भीती वाटत होती.

वहिनी रोज खालून हाक मारायच्या. कधी खरेदीबद्दल, कधी कार्यालयात साक्षीदार कोण याबद्दल. मी पेटीवर फडकं टाकून ठेवलं. त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

मग एका दुपारी फडकं काढलं तर गाडी राखाडी होती. टपापासून चाकांपर्यंत बारीक, मऊ, सारखी राखाडी. नख लावलं तर निघेना. कडक झाली होती.

हा थर मी गॅरेजात शेकड्यांनी काढला आहे. आमच्या शहराबाहेर सिमेंटचा कारखाना आहे. त्या रस्त्यानं गाडी गेली की ही पूड बसते, आणि रात्रीचं दव पडलं की दगड होते. काढायला व्हिनेगर लागतं.

बायको मागे येऊन उभी होती. तिनं बराच वेळ पाहिलं.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "कारखाना म्हणजे आपल्या अगदी उशालाच."

मी स्कूटर काढली आणि त्या रस्त्याला गेलो. भर दुपार. दोन्ही बाजूंची झाडं राखाडी, छपरं राखाडी, एक कुत्रं तेही राखाडी. कारखान्याच्या वळणावर पंक्चर काढणाऱ्याची टपरी आहे. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

"एखादी जुनी पांढरी व्हॅन गेली का इकडून?"

"हवा भरून गेली की. काल." त्यानं मान वर केली, आणि जरा निरखून बघत राहिला. "तुम्ही त्यांचे भाऊ का? तोंडवळा अगदी तोच."

"काही बोलला?"

"घरी चाललोय म्हणाले. रस्ते पार बदललेत, सापडत नाही म्हणाले. मी म्हटलं, कुणाला विचारा की. तर हसले. विचारतोय तर कोण कुठे थांबतंय, म्हणाले."

"दिसायला कसा होता? वय?"

"वय काय..." त्यानं माझ्या पांढऱ्या मिशीकडे पाहिलं. "तुमच्याहून बरेच लहान. धाकटे ना तुमचे?"

मी हो म्हटलं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा.

परतताना शहराच्या तोंडाशी प्रत्येक पांढऱ्या गाडीला मी मागून गाठत होतो, ड्रायव्हरकडे बघत होतो, आणि तो अनोळखी निघाला की मला हायसं वाटत होतं. ते हायसं वाटणं मला आजही सहन होत नाही. सख्खा भाऊ येतोय म्हटल्यावर माणूस धावत सुटतो. मी त्याला चुकवत होतो.

घरी आलो तर वरच्या खोलीत वहिनी उभ्या होत्या. फडकं त्यांच्या हातात होतं. बायको दारात, मान खाली घालून.

"हिला विचारलं, आमची गाडी कुठे आहे," वहिनी म्हणाल्या. "हिचा चेहराच पडला. म्हणून मीच आले." त्या पेटीकडे बघत होत्या. "हे तुम्ही केलंय?"

"नाही वहिनी."

मला वाटलं त्या वेड्यात काढतील. त्यांनी काढलं नाही. मी सगळं सांगितलं, तांबड्या मातीपासून टपरीवाल्यापर्यंत. त्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. मध्ये एकदाच म्हणाल्या, "लहान दिसतात म्हणाला?" आणि आपल्याच हातांच्या पाठींकडे पाहिलं.

मग बायकोनं बोट दाखवलं. "हे काय आहे? मघाशी नव्हतं."

गाडीच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकाच्या वर, पिवळ्या रंगाचा एक ताजा ओरखडा होता. केसाएवढा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आहे. त्याच्या बुंध्याला काळे-पिवळे पट्टे मारलेले आहेत. वळण इतकं अरुंद की नवखा ड्रायव्हर तिथे डावी बाजू घासतोच. खांब नवा आहे. दादा गेल्यानंतर बसवलेला. दादाला तो माहीत नव्हता.

आम्ही तिघं खाली उतरून गल्लीच्या तोंडाशी गेलो. ऊन होतं, माणसं जात-येत होती, कोणीतरी खिडकीत गालिचा झटकत होतं. खांबाचा पिवळा पट्टा एका जागी खरवडलेला होता. मी पेशानं बघतो ते बघितलं: उंची व्हॅनची, दिशा आत येणारी, आणि पिवळ्यात दाबून बसलेला जुना, खडूसारखा पांढरा रंग. बोटाला लागला. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंना विचारलं, कुठली व्हॅन आत आली का? त्या म्हणाल्या, सकाळपासून दारातच बसलेय, एक सायकलसुद्धा आली नाही.

गल्ली आमच्या घराशी संपते. आत आलेल्या गाडीला दुसरीकडे जायला वाट नाही. आमच्या फाटकासमोरची जागा मोकळी होती.

वहिनी त्या मोकळ्या जागेपासून जरा बाजूनं चालत घरात आल्या. गाडीला वळसा घालून यावं तशा.

"भाऊजी," जिन्यात थांबून त्या म्हणाल्या, "मी दार उघडं टाकून झोपत होते तेव्हा हे आले नाहीत. ताप आला तेव्हा आले नाहीत. आई गेली तेव्हा आले नाहीत. उद्या माझं लग्न आहे." त्यांचा आवाज चढला नाही. "ती गाडी माझ्या दारात उभी राहता कामा नये. धुऊन टाका. रंगसुद्धा ठेवू नका."

"वहिनी, तो दादा आहे."

"म्हणूनच सांगतेय. दुसरं कोणी असतं तर मीच दार उघडलं असतं."

मी खिडक्या उघडल्या, हातमोजे घातले आणि रंग उतरवायचं रसायन बाटलीतून काचेच्या वाडग्यात ओतलं. हे काम मी हजारदा केलंय. गाडी बुडवायची, वाट बघायची, रंग सुरकुततो, फुगतो आणि सालीसारखा सुटतो. सिमेंट आधी गेलं. मग कोळसा, मीठ, तांबडी माती, आली त्याच्या उलट क्रमानं. मग मी स्वतः केलेला गंज, बंपरच्या पोच्यात भरलेली करडी पूड, आणि शेवटी पांढरा. वाडग्यात पोपडे तरंगत होते. ब्रशनं घासत असताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. रसायन उग्र असतं, असं मी बायकोला सांगितलं.

संध्याकाळ व्हायच्या आत गाडी नागडी झाली. नुसता धातू. मी ती पुसून टेबलावर ठेवली आणि किती तरी दिवसांनी शांत बसलो.

सकाळी लवकर सगळे निघालो. वहिनींनी निळी साडी नेसली होती, आणि निघण्याआधी, सवय जात नाही म्हणून, सगळं घर स्वतः पुसून काढलं. चष्मेवाले गाडी घेऊन आले होते, गल्लीच्या तोंडाशीच थांबले. वहिनींनी दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि मान न वळवता चालत गेल्या. आम्ही मागोमाग. घाईत आणि त्यांच्याकडे बघण्यात फाटकासमोरच्या जमिनीकडे माझं लक्षच गेलं नाही.

कार्यालयात पोचल्यावर कळलं की वहिनींचं ओळखपत्र घरीच राहिलंय. टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी.

"काखेत कळसा म्हणतात तसं तरी असावं," चष्मेवाले हसून म्हणाले. "इथे कळसाच घरी."

मी किल्ली घेऊन परत आलो.

गल्ली झाडणारी मावशी आमच्या फाटकासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय हो, तुमच्या गॅरेजचं काम आता इथे रस्त्यावर करता होय? कुणाची गाडी खरवडलीत? सगळा कचरा माझ्या नशिबी."

जमिनीवर रंगाचे पोपडे पडले होते. ढीगभर. हाताच्या पंजाएवढे, त्याहून मोठे, एका बाजूनं पांढरे, एका बाजूनं राखाडी. ते कसेही विखुरलेले नव्हते. लांबट चौकोनात पडले होते, कडांना दाट, आणि मधली जागा स्वच्छ. व्हॅनच्या लांबी-रुंदीचा तो चौकोन मला मोजावा लागला नाही. बोनेटची बाजू फाटकाकडे होती.

ड्रायव्हरच्या बाजूला एका जागी पोपड्यांचा चुरा झाला होता. कोणीतरी तिथे उतरून, पाय जमिनीवर घट्ट रोवून, जरा वेळ उभं राहिलं असावं असा.

"कुणाला बघितलंत का इथे?" मी विचारलं.

"कुणाला नाही बाई," मावशी म्हणाली आणि झाडायला लागली.

मी फाटक उघडलं. अंगणाच्या फरशीवर एक पोपडा होता. पायरीवर एक. वहिनींच्या दाराला कुलूप जसंच्या तसं होतं. ते मी माझ्या हातानं काढलं.

आत अंधूक, थंड. कोपऱ्यांत पुसल्याची ओल अजून वाळायची होती. ओळखपत्र टेबलावर होतं. मी ते उचललं, खिशात घातलं आणि मग खाली बघितलं.

पुसलेल्या फरशीवर पांढरे कण होते. उंबरठ्यापासून टेबलापर्यंत, टेबलापासून आतल्या खोलीच्या दारापर्यंत, पावलापावलाच्या अंतरानं. सगळे आत गेलेले. बाहेर आलेला एकही नव्हता.

खिशातला फोन वाजला. मी घाईघाईनं उचलला.

"भाऊजी, सापडलं का?" वहिनींचा आवाज. मागे कोणीतरी हसत होतं.

"सापडलं," मी म्हणालो. "निघालोच."

मी मागे मागे सरकत बाहेर आलो. दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि किल्ली फिरवताना दुसऱ्या हातानं कुलूप घट्ट धरून ठेवलं. लांबचा प्रवास करून आलेलं माणूस आत झोपलं असलं की आवाज होऊ नये म्हणून धरतात, तसं.